‘रद्द करा’वर सही करण्याआधी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मोठ्या शहराच्या कडेला वाढत वाढत आता स्वतःच शहर झालेल्या एका गावात, जुन्या भागात या ताई राहतात. घर स्वतःचं, खाली रस्त्याला लागून एक गाळा, त्यात एक टेलर कित्येक वर्षांपासून भाड्याने. जवळच बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर आता मोठा प्रकल्प येतोय, सात-आठ मजली इमारती, खाली दुकानं, मधे चौक, आणि त्यासाठी बाजाराचा रस्ता रुंद करणार आहेत. ताईंच्या दिरांनी पुढाकार घेऊन ‘संपूर्ण प्रकल्प रद्द करा’ असं निवेदन काढलंय. गल्लीतल्या जवळजवळ सगळ्यांनी सही केलीय, ताईंनी अजून नाही. मुलीला नोकरी लागलीय पण गावात परवडेल असं घर मिळत नाही म्हणून ती लांब राहते, सासूबाईंना रस्ता ओलांडता येत नाही, फुटपाथ नावालाच आहे, त्यामुळे काहीतरी बदलावं असं त्यांना मनापासून वाटतं. दुसरीकडे ट्रॅफिक, पाणी, पार्किंगची भीती वाटते, जुना भाग पुसला जाईल असंही वाटतं. जाता जाता त्यांनी लिहिलंय की एक एजंट येऊन सांगून गेला, गाळ्याला आता दुप्पट-तिप्पट भाडं येईल, टेलरला काढा. त्यांचा प्रश्न असा: ‘सही करू का नको? विरोध केला तर आम्ही मागासलेले आणि गप्प बसलो तर भित्रे, असंच आहे का?’

ताई,

तुम्ही विचारलंय सहीचं, पण पत्रात तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. प्रकल्प चांगला का वाईट हा एक, दिरांना आणि गल्लीला तोंड कसं द्यायचं हा दुसरा, आणि गाळ्याचं काय करायचं हा तिसरा, जो तुम्ही अगदी ओझरता लिहिलाय. मला तो तिसरा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण पहिल्या दोन्हीत तुमचा आवाज शेकडो आवाजांतला एक आहे आणि गाळ्याचा निर्णय मात्र पूर्ण तुमच्या हातात आहे. त्यावर येतेच, पण आधी सहीचं बघू.

निवेदनात एक गोष्ट न बोलता धरून चाललेत, की प्रकल्प रद्द झाला म्हणजे आपला भाग होता तसाच राहील. असं होत नाही हो. गावात माणसं येतायत ती कारखान्याच्या जागेवर इमारती होणार म्हणून येत नाहीयेत, ती नोकरीसाठी, शाळांसाठी, शहरापेक्षा जरा स्वस्त म्हणून येतायत आणि येतच राहणार. त्यांना नवीन घर मिळालं नाही तर ती जुन्या घरांसाठी जास्त पैसे मोजतात. मग गल्लीतली घरं तशीच दिसतात पण आतली माणसं बदलतात, आणि त्याचा पुरावा तुमच्याच घरात आहे, तुमच्या मुलीला आजही गावात घर परवडत नाहीये आणि अजून एक वीटही रचलेली नाही.

न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजचं बघा. १९६१ साली तिथल्या प्रशासनाने वेस्ट व्हिलेज नावाचा जुना भाग बकाल ठरवून पाडायचा घाट घातला होता. तिथेच राहणाऱ्या लेखिका जेन जेकब्ज आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी पिच्छा पुरवून तो बेत मोडला, आणि बरं झालं मोडला, कारण ती वस्ती चांगली चालती-बोलती होती. पुढे १९६९ मध्ये तिथला मोठा पट्टा वारसा म्हणून जाहीर झाला, इमारती वाचल्या. आज तो न्यूयॉर्कमधल्या सगळ्यात महाग भागांपैकी एक आहे. ज्या साध्या दुकानांसाठी आणि कामगार कुटुंबांसाठी ती लढाई झाली ती माणसं हळूहळू तिथून गेली, कुणी हाकललं नाही, भाडं परवडेना म्हणून गेली. म्हणजे पाडापाडी थांबवणं गरजेचं होतं पण नुसतं तेवढ्याने माणसं टिकली नाहीत. दिरांना हे नक्की सांगा, वाद घालायला म्हणून नको, त्यांना जे वाचवायचंय ते या निवेदनाने वाचतं का हे बघायला म्हणून सांगा.

आता दुसरी बाजू. तुमच्या पत्रात मला असंही दिसलं की ‘काहीतरी होतंय ना, मग बरंच होईल’ अशी एक आशा आहे. तीही तपासून घ्या. नवीन म्हणजे आपोआप चांगलं असं काही नसतं. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात १९५० च्या दशकात प्रुइट-आयगो नावाची वसाहत बांधली, अकरा मजली ३३ इमारती, त्या काळी तिचं कौतुक झालं होतं, आणि १९७२ मध्ये सरकारलाच ती पाडायला सुरुवात करावी लागली. कारणं बरीच होती पण एक अगदी साधं होतं, बांधायला सरकारी पैसा आला आणि देखभाल मात्र भाडेकरूंच्या भाड्यातून करायची होती. शहरातली माणसं कमी होत गेली, घरं रिकामी पडली, भाडं आटलं, मग लिफ्ट बंद, पाइप फुटलेले, दिवे गेलेले. तेव्हा तुमच्या गावातल्या त्या सुंदर चौकाचं चित्र बघताना पहिलं विचारायचं ते हे की पाच वर्षांनी या चौकातला तुटलेला दिवा कोण बदलणार, कुठल्या पैशातून, आणि ते कागदावर कुठे लिहिलंय.

म्हणून मी म्हणते ‘हवा की नको’ हा प्रश्नच जरा बाजूला ठेवा आणि प्रकल्पाचा नकाशा मागवून घ्या. रंगीत चित्रं नकोत, ती सगळ्यांची सुंदरच असतात, झाडं मोठी झालेली, मुलं फुगे घेऊन पळतायत. तळमजल्याचा प्लॅन मागा. माणूस राहतो वरच्या मजल्यावर पण गावाला इमारत भेटते ती तळमजल्यावर. त्या कागदावर रस्त्याच्या बाजूला बोट ठेवून चालत जा. दर काही पावलांवर एखादं दार आहे का, दुकानाचं, जिन्याचं, कशाचंही? का लांबच लांब भिंत आहे आणि तिच्यामागे गाड्या? पार्किंगचा रॅम्प फुटपाथला कुठे कापतो, किती ठिकाणी कापतो? कचऱ्याची गाडी कुठून आत जाणार? कंपाउंड वॉल आहे का, असली तर तो ‘सार्वजनिक चौक’ रात्री गेट लावून बंद होणार का? दोन क्रॉसिंगमधे अंतर किती? सात मजले का पाच यावर लोक खूप भांडतात, पण मला विचाराल तर रस्त्याकडे दारं असलेली सात मजली इमारत पार्किंगची आंधळी भिंत असलेल्या चार मजली इमारतीपेक्षा शेजारी म्हणून कितीतरी बरी. जिथे दारं असतात तिथे माणसं असतात, आणि जिथे माणसं असतात तिथून संध्याकाळी एकटं चालत यायला भीती वाटत नाही.

रस्तारुंदीचं मात्र मला खरंच पटलेलं नाही आणि तिथे मी दिरांच्या बाजूने आहे. तुमच्या सासूबाईंचंच गणित करू. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण सव्वा मीटर चालतो असं धरायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. वय झालेलं माणूस, हातात पिशवी, गुडघे दुखतायत, सेकंदाला पाऊण मीटर म्हणजे खूप झालं. बारा मीटरचा रस्ता त्यांना सोळा सेकंदात पार करता येईल, तोच चोवीस मीटरचा केला तर बत्तीस सेकंद लागतील, आणि रुंद रस्त्यावर गाड्या जोरात येतात ते वेगळंच. म्हणजे ज्यांच्यासाठी तुम्हाला बदल हवाय त्यांच्यासाठी हा बदल उलटा आहे. आणि रुंद केल्याने ट्रॅफिक कमी होईल म्हणाल तर तेही फार काळ टिकत नाही. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ मध्ये रुंद करून झाला, बाजूचे सर्व्हिस रोड धरून काही ठिकाणी सव्वीस लेन, आणि थोड्याच वर्षांत गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा रेंगाळायला लागला. जागा दिसली की गाड्या येतात. बाजाराच्या रस्त्याला रुंदी द्यायचीच असेल तर ती फुटपाथला द्या, मधे थांबायला बेट द्या, बाक आणि सावली द्या, हे स्पष्ट शब्दांत मागा.

पार्किंगबद्दल तुम्ही लिहिलंय की नवीन लोक आले की आपल्या गाड्या कुठे लावायच्या. भीती खरी आहे, पण तिच्यावर ‘इमारतीत भरपूर पार्किंग सक्तीने द्या’ हा उपाय वाटतो तितका सरळ नाही. एका गाडीला वळायच्या जागेसकट साधारण तीनशे चौरस फूट लागतात. तुमचा गाळा मोजून बघा, बहुतेक त्याहून लहान निघेल. ही जागा फुकट होत नाही, तिचा खर्च घराच्या किमतीत आणि दुकानाच्या भाड्यात शिरतो, म्हणजे ज्याच्याकडे गाडी नाही तोही भरतो. डोनाल्ड शूप नावाचे प्राध्यापक हे आयुष्यभर सांगत राहिले आणि अमेरिकेतल्या बफेलोसारख्या शहराने २०१७ मध्ये पार्किंगची सक्तीच काढून टाकली. तुमच्या गावात लगेच तसं करा असं मी म्हणत नाहीये, बस वेळेवर येत नसेल तर लोक गाडी घेणारच. पण रस्त्यावरच्या जागेचे पैसे घ्या, तो पैसा त्याच रस्त्याच्या फुटपाथला वापरा, एवढं मागायला काहीच हरकत नाही, आणि रहिवाशांना परवान्यात सवलत मागता येते.

मग असं कुठे नीट झालंय का? झालंय, आणि तेही उपनगरातच. वॉशिंग्टनच्या शेजारी आर्लिंग्टन म्हणून काउंटी आहे, काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग. तिथला विल्सन बुलेवर्ड हा जुना बाजाररस्ता १९६० च्या दशकात मरायला टेकला होता, लोक लांबच्या मॉलमधे जायला लागले होते. त्याच सुमारास मेट्रो येणार होती आणि सोपा, स्वस्त मार्ग होता तो हायवेच्या मधोमध. आर्लिंग्टनने हट्ट धरला की मेट्रो या मरणाऱ्या बाजाराच्या खालून न्या, आणि ती गेली, १९७९ मध्ये बॉल्स्टनपर्यंत गाडी सुरू झाली. त्यांनी ठरवलं ते असं, की स्टेशनाला अगदी लागून उंच इमारती होऊ द्यायच्या, लांब जाल तशी उंची उतरत न्यायची आणि थोड्याच अंतरावरच्या जुन्या बैठ्या घरांना हात लावायचा नाही. हे लिहून ठेवलं आणि वर्षानुवर्षं पाळलं. त्यामुळे झालं असं की जुन्या गल्लीतल्या माणसाला माहीत होतं उंच काय येणार आणि कुठे थांबणार. तुमच्या गल्लीत आज जी धास्ती आहे ना, ती निम्मी या ‘कुठे थांबणार’ची आहे. आज कारखान्याची जागा, उद्या आमचं घर, असं प्रत्येकाला वाटतंय आणि कुणी त्यांना लेखी काही सांगितलेलं नाही.

पण आर्लिंग्टनचं सगळंच गोड नाही. तिथली जुनी साधी भाड्याची घरं बरीच गेली आणि आज तो पट्टा कमी पगाराच्या माणसाला परवडत नाही. म्हणून तुमच्या मुलीचा मुद्दा वेगळा मांडायला लागेल, ‘घरं होतील’ एवढ्यावर समाधान मानू नका. आर्लिंग्टनपासून फार लांब नाही, माँटगोमेरी काउंटीत १९७४ मध्ये कायदा लागू झाला की मोठ्या प्रकल्पात ठरावीक टक्के घरं मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडतील अशा दराने द्यायचीच, साधारण साडेबारा ते पंधरा टक्के, आणि बदल्यात बिल्डरला थोडी जास्त बांधायची परवानगी. हजारो घरं त्यातून उभी राहिली. चूक एकच झाली, सुरुवातीला हे बंधन थोड्याच वर्षांचं होतं, मुदत संपली की घर खुल्या बाजारात. बरीच घरं अशी निसटली, मग मुदत वाढवत वाढवत न्यावी लागली. तेव्हा तुमच्या प्रकल्पात ‘परवडणारी घरं’ असा शब्द दिसला की लगेच पुढचं विचारा. किती घरं, कुठल्या उत्पन्नाच्या माणसाला, आणि किती वर्षं. मुदतीचा आकडा कागदावर नसेल तर ते आश्वासन दोन-चार वर्षांत हवेत जातं.

आता दीर. तुम्ही त्यांच्याबद्दल जरा चिडून लिहिलंय, ते समजतं, पण मला ते खलनायक वाटत नाहीत. ज्या माणसाने कधीच कुणी काही विचारल्याचं अनुभवलं नाही तो शेवटी ‘सगळंच रद्द करा’ म्हणतो, कारण तेवढंच त्याला मोठ्याने म्हणता येतं. पण ‘सगळं रद्द’ असं लिहून दिलं की पलीकडच्याला काम सोपं होतं. विरोधक म्हणून एक शिक्का, फाइल बाजूला, आणि मूळ आराखडा जसाच्या तसा पुढे. त्यापेक्षा अटींचा कागद जास्त त्रासदायक असतो, कारण प्रत्येक अटीला उत्तर द्यावं लागतं.

बॉस्टनच्या रॉक्सबरी भागात डडली स्ट्रीट म्हणून वस्ती आहे. १९८० च्या दशकात तिथे ओसाड प्लॉटच प्लॉट होते, बाहेरचे लोक रात्री येऊन कचरा टाकून जायचे. १९८४ मध्ये रहिवाशांनी स्वतःची संस्था काढली, आधी कचरा टाकणं बंद पाडलं, मग ‘आमच्या वस्तीत काय हवं’ याचा आराखडा स्वतः बसून केला. १९८८ मध्ये तर शहराने त्यांना ओसाड जमिनी ताब्यात घेण्याचा अधिकार दिला, जो एरवी सरकारी खात्यांकडेच असतो. जमीन वस्तीच्या ट्रस्टकडे ठेवली आणि तिच्यावर परवडणारी घरं बांधली, त्यामुळे घर विकलं तरी जमीन बाजारात जात नाही. तुमच्या गल्लीकडून मी एवढ्या मोठ्या उडीची अपेक्षा करत नाही. पण नकाराच्या सह्यांपेक्षा स्वतःचा आराखडा घेऊन गेलेल्या लोकांचं ऐकून घेतलं जातं, एवढं त्यातून घ्यायला काय हरकत आहे.

दिरांना भेटायला जाल तेव्हा ‘मी सही करणार नाही’ अशी सुरुवात करू नका. ‘भाऊजी, पाणी आणि ड्रेनेजचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, ते आपण लेखी मागूया का’ असं बोला. कारण ते खरंच बरोबर आहे. शंभर नवीन घरं आली तर पाण्याची टाकी, पाइपची साइज, सांडपाणी कुठे जाणार, पावसाचं पाणी कुठे जाणार, याची आजची क्षमता किती आणि प्रकल्पानंतरची मागणी किती हे आकडे प्रशासनाकडे असायलाच हवेत, नसतील तर तेच सगळ्यात मोठं हरकतीचं कारण आहे. त्यांच्या नावाने ते पत्र जाऊ दे, श्रेय त्यांनाच जाऊ दे. गल्लीत तुमच्यासारखी अर्धवट हो-अर्धवट नाही म्हणणारी घरं बरीच असतात, ती पहिल्या माणसाची वाट बघत असतात. ‘रद्द’ हा शब्द काढून ‘या अटींशिवाय मंजूर करू नये’ एवढं केलं तरी तुम्ही त्याच कागदावर सही करू शकाल. ते नाहीच ऐकले तर तुमचं वेगळं पत्र द्या, एकटीचं दिलं तरी चालतं, सामूहिक निवेदनाखालच्या तीनशेव्या सहीपेक्षा मुद्देसूद वेगळं पत्र जास्त वाचलं जातं.

इथे एक गोष्ट तुमच्यासाठी आणि असंच पत्र लिहायच्या विचारात असलेल्या बाकीच्यांसाठी. अशा निवेदनांवर सह्या कुणाच्या असतात बघा, बहुतेक घरमालकांच्या. भाड्याने राहणारे, गाळे भाड्याने घेतलेले, रस्त्याच्या कडेला बसून विकणारे, यांना कुणी विचारत नाही, आणि बदलाचा पहिला दणका त्यांनाच बसतो. बांधकाम संपल्यावरचं जाऊ द्या, बांधकाम चालू असतानाच. रस्ता खणलेला, समोर पत्रे ठोकलेले, धूळ, गिऱ्हाईक फिरकत नाही, आणि भाडं मात्र चालू. लहान दुकान असं वर्षभर तग धरू शकत नाही. म्हणून अटींमधे हे हवंच की रस्त्याचं काम एका वेळी एका बाजूने, छोट्या तुकड्यांत करा, चालायची वाट कायम मोकळी ठेवा, आणि प्रत्येक तुकड्याची तारीख आधी लावा. तुम्ही स्वतः भाडेकरू असाल तर तुमची हरकत तुमच्या नावाने द्या, मालकाच्या पाठीमागे उभं राहू नका, तुमचं आणि त्याचं हित दरवेळी एक नसतं.

आणि त्यावरूनच गाळ्याकडे येते.

ताई, तुम्ही बिल्डरला लोभी म्हटलंय, एजंटला आगाऊ म्हटलंय, आणि मग लिहिलंय ‘आम्ही काय करणार, बाजारभावच तसा आहे’. रागावू नका, पण बाजारभाव कुठेतरी आकाशात ठरत नाही, तो तुमच्यासारख्या गाळेमालकांच्या एकेका होकारातून ठरतो. जुना भाग पुसला जाईल ही तुमची भीती आहे ना, त्या पुसण्यातला एक हात तुमचाच असू शकतो आणि तो थांबवायला तुम्हाला कुणाची सही लागत नाही. मी तुम्हाला पुण्य कमवायला सांगत नाहीये, तुमच्या घरात खर्च आहेत, मुलगी बाहेर भाडं भरतेय, सासूबाईंचं औषधपाणी आहे, भाडं वाढवणं हा तुमचा हक्क आहे.

पण पूर्ण हिशेब करा. एजंट जो आकडा सांगतोय तो प्रकल्प पूर्ण झाल्यावरचा आहे. प्रकल्पाला किती वर्षं लागतील कुणालाच सांगता येत नाही, आणि ती वर्षं समोर खोदकाम असणार. टेलरना काढून नवीन शोरूमवाला आणलात, त्याने धूळ बघून सहा महिन्यांत गाशा गुंडाळला, तर गाळा रिकामा, आतलं फर्निचर तोडलेलं, आणि तिप्पट भाड्याचा हिशेब तिथेच संपला. उलट टेलर वर्षानुवर्षं वेळेवर भाडं देतायत, दुरुस्ती स्वतः करून घेतायत असं तुम्हीच लिहिलंय. समोर शंभर घरं आली तर पँट आखूड करायला, चेन बदलायला, ब्लाउज उसवायला माणसं कुठे जाणार? मॉलमधे हे काम होत नाही. त्यांचा धंदा वाढेल, आणि वाढला की भाडंही वाढवता येईल. जेकब्ज यांचा एक मुद्दा मला नेहमी पटतो, की वस्तीत सगळ्याच इमारती नवीन असल्या तर ज्यांना जास्त भाडं झेपतं तेवढेच धंदे तिथे टिकतात, साध्या कामांना जुना, स्वस्त गाळा लागतोच. प्रकल्पातली चकचकीत दुकानं टेलरना परवडणार नाहीत. तुमचाच गाळा परवडेल.

सॅन फ्रान्सिस्कोने यावर एक वाट काढली होती. तीस-तीस वर्षं चाललेल्या दुकानांची अधिकृत यादी केली, २०१५ मध्ये मतदान घेऊन त्यासाठी फंड काढला, आणि जो मालक अशा दुकानाला दहा वर्षांचा करार देईल त्या मालकालाही अनुदान द्यायचं ठरवलं. मालकालाही, हे लक्षात घ्या. कारण फक्त भाडेकरूवर दया दाखवून चालत नाही, मालकाचं नुकसान थोडं भरून निघालं तर तो टिकवतो. तुमच्या अटींच्या कागदात हे एक कलम टाका, जुनी दुकानं टिकवणाऱ्या गाळेमालकांना घरपट्टीत सूट. लगेच मिळेल असं नाही, पण मागितलं नाही तर कधीच मिळणार नाही.

तोपर्यंत तुमच्या पातळीवर असं करता येईल. एजंटला आत्ताच हो किंवा नाही म्हणू नका. आधी टेलरकाकांशी बसून बोला, त्यांनाही कुणकुण लागलेली असणार आणि ते घाबरून गप्प असतील. त्यांना किती झेपतं ते विचारा, तुम्हाला किती हवंय ते सांगा. तोंडी चाललेलं असेल तर आता लेखी करार करा, पाच वर्षांचा तरी, दरवर्षी थोडी ठरलेली वाढ, समोरचा रस्ता खणलेला असेल त्या महिन्यांत वाढ थांबवायची, आणि प्रकल्प पूर्ण झाल्यावर दोघांनी मिळून भाडं पुन्हा ठरवायचं असं त्यात लिहा. वकिलाकडून बघून घ्या, भाड्याचे कायदे जागोजागी वेगळे असतात आणि ऐकीव माहितीवर करार करणं दोघांनाही महागात पडतं. तुमची परिस्थिती खरंच ओढीची असेल आणि जास्त भाड्याशिवाय भागणारच नसेल तर तेही त्यांना सरळ सांगा, मुदत द्या, जवळपास दुसरा गाळा शोधायला मदत करा. त्याची लाज वाटायचं काही कारण नाही. एजंटकडून निरोप पाठवून काढणं मात्र करू नका.

मागासलेले की भित्रे, याचं उत्तर एव्हाना तुम्हाला मिळालं असेल. तुम्हाला मुलीसाठी घर हवंय, सासूबाईंसाठी फुटपाथ हवाय, गल्लीसाठी पाणी हवंय, टेलरसाठी गाळा हवाय. या चारही गोष्टी एकाच कागदावर बसतात, एकमेकींना कापत नाहीत. कापतो तो ‘संपूर्ण’ हा शब्द.

आता घाई फक्त एका गोष्टीची करा. हरकती-सूचना द्यायची शेवटची तारीख कधी आहे ते उद्याच जाऊन विचारा, नोटीस बहुतेक ऑफिसच्या बोर्डावर किंवा एखाद्या पेपरात छोट्या अक्षरात आलेली असते आणि लोकांना कळेपर्यंत मुदत संपत आलेली असते. तळमजल्याचा प्लॅन, रस्त्याचा नकाशा आणि पाणी-ड्रेनेजचे आकडे यांची लेखी मागणी त्याच दिवशी करा. तुमचं पत्र एका पानाचं ठेवा, पहिल्याच ओळीत लिहा की तुमचा प्रकल्पाला सरसकट विरोध नाही, मग अटी, महत्त्वाची आधी. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. सुनावणी लागली तर सासूबाईंना घेऊन जा, त्यांना बोलायचं असेल तर बोलू द्या. पुढे काय झालं ते मला जरूर लिहा, करारात काही अडलं तर तेही कळवा.